संत्र्याच्या बगीच्यातून आकाशगंगा

प्रश्न: मे महिन्यात माहेरी, काटोलजवळच्या खेड्यात, अंगणात खाटा टाकून झोपलो होतो. रात्री दोनला जाग आली तर दक्षिणेकडून वर चढलेला पांढुरका पट्टा दिसला, मधोमध काळी भेग. मला ढगच वाटला. मुलगी म्हणाली, आकाशगंगा. पण आपण तर तिच्या आतच आहोत ना? मग ती चहूकडे का दिसत नाही?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर: ताई, माहेर काटोलकडचं म्हणता, म्हणजे माझं काम सोपं झालं. संत्र्याच्या बगीच्यात उभ्या राहा. समोर झाडामागे झाड, शेवटी नुसती हिरवी भिंत. मान वर केली की चार पानं आणि मोकळं आभाळ. आकाशगंगा अशीच पसरट आहे: रुंदी सुमारे १ लाख प्रकाशवर्षं, जाडी जेमतेम हजारभर. आडवं पाहिलं की तारे मिसळून पट्टा होतो, इतरत्र ते सुटे दिसतात. तेही तिचेच बरं का! म्हणजे दिसते ती चहूकडेच.

आपण बगीच्याच्या मधोमध मात्र नाही. केंद्र सुमारे २६,००० प्रकाशवर्षं दूर, धनु राशीत, विंचवाच्या नांगीशेजारी. तुम्ही पाहिलात तो पट्टा तिकडचा, म्हणून ठळक. थंडीत रात्री आपण उलट, धुऱ्याकडे म्हणजे बगीच्याच्या कडेला पाहतो; मृगाजवळचा पट्टा त्यामुळे फिका.

काळी भेग ही रिकामी जागा नव्हे, धूळ आहे. मागच्या ताऱ्यांचा उजेड ती अडवते. विल्यम हर्शेलसारखा खगोलशास्त्रज्ञही तिला फसला. १७८५ साली ताऱ्यांच्या मोजणीवरून त्यानं सूर्य जवळजवळ मध्यभागी मांडला. डिसेंबरच्या धुक्यात बगीच्यात गेलात तर चारी बाजूंना सारखीच झाडं दिसतात, तसंच हे. १९१८ मध्ये हार्लो शॅपलीनं पट्ट्याच्या वर-खाली, धुळीबाहेर असलेले गोलाकार तारकागुच्छ पाहिले. ते धनूकडे गोळा झालेले, म्हणजे केंद्र तिकडे! अंतर त्यानं बरंच जास्त धरलं. धूळ किती उजेड अडवते याचा हिशेब १९३० साली ट्रम्प्लर या खगोलशास्त्रज्ञानं मांडला.

नंदनवनातल्या गच्चीवरून हे दिसायचं नाही. मी सक्करदऱ्यात राहतो, मलाही दिसत नाही. अमावस्येच्या आसपास पेंचकडे जातो. २०२४ पासून ते देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून आभाळ जपलेली जागा आहे. ऑक्टोबरात संध्याकाळीच पट्टा डोक्यावर असतो. कोजागिरीला तेवढं जाऊ नका, दुधाशिवाय काही हाती लागणार नाही.