डॉलर थांबतील, पॉलिसी थांबणार नाही

प्रश्न: वय ४४, नाशिकला नोकरी. पुढच्या डिसेंबरात लग्नाला वीस वर्षं होतील, म्हणून आम्ही दोघं लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यनला जाणार. खर्च ८ लाख धरलाय. डॉलर आताच घेऊन ठेवू का? सहलीसाठी बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून १० टक्के गॅरंटीड इन्कम प्लॅनही घेतला. वर्षाला २ लाख हप्ता, १० वर्षं. दरवर्षी २० हजार आणि विसाव्या वर्षी ३६ लाख. पॉलिसी मागच्या पंधरवड्यात घरी आली. मित्राने तिथे स्लॉट मशीनवर २,००० डॉलर जिंकले होते, तेव्हा थोडा खर्च तिथेच निघेल. गृहकर्ज ३५ लाख बाकी आहे.

उत्तर: डॉलरचं नंतर बोलू. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, फ्री-लूक म्हणतात त्याला. तुमचे निम्मे दिवस गेले. उद्याच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मॅडम ‘दोन दिवस थांबा, साहेबांशी बोलते’ म्हणतील, थांबू नका. स्टॅम्प ड्युटी आणि किरकोळ वजावट जाऊन हप्ता परत मिळेल.

ते १० टक्के कसले? २ लाखांवर २० हजार, पण फक्त पहिल्या हप्त्यापुरते. पाचव्या वर्षी तुमचे १० लाख अडकलेले असतील आणि हातात तेच २० हजार, म्हणजे २ टक्के. अखेरीस २० लाखांचे ४० होतात खरे, पण वीस वर्षांनी. परतावा जेमतेम ५ टक्के. पीपीएफ आज ७.१ देतो. आणि पुढच्या वर्षी मिळणाऱ्या २० हजारांत तुमची सहल कशी होणार होती, हे मॅडमना विचारायला हवं होतं.

त्याहून वाईट म्हणजे संरक्षण. अशा पॉलिसीत विमा साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे २० लाख. कर्ज ३५ लाखांचं! उद्या काही झालं तर वहिनींनी घर विकायचं का? एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) या वयात वर्षाला पंचवीस-तीस हजारांत येतो. तो आधी घ्या.

परत आलेले २ लाख सहलीचे. उरले ६ लाख, महिने १४: दरमहा ४३ हजार आरडीत (बँकेतल्या आवर्ती ठेवीत). झेपत नसेल तर सहल वर्षभर पुढे ढकला, कर्ज काढून जाऊ नका.

जुगारातून खर्च निघणं विसरा. दोन शून्यांच्या रुलेटमध्ये (आकड्यांच्या फिरत्या चाकावरचा जुगार) ३८ घरं असतात आणि बरोबर आकड्याला लावलेले पैसे परत आणि वर त्यांच्या ३५ पट मिळतात. १०० डॉलर लावले की सरासरी सव्वापाच कॅसिनोचे. स्लॉटवर मोठं काही लागलंच, तर परदेशी पाहुण्याचा ३० टक्के कर जागीच कापतात. मित्राने किती घालवले, ते त्याने सांगितलंय का? गंमत म्हणून १०० डॉलर वेगळे ठेवा, ते गेले असं धरून.

तारीख डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली, सोमवार ते गुरुवार घ्या. वीकेंडला आणि थर्टी फर्स्टला भाडी भडकतात. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी (हॉटेलच्या सोयींचं सक्तीचं शुल्क) रोज साधारण ४०-५५ डॉलर आणि १३ टक्क्यांच्या वर कर, तोही हिशेबात धरा. व्हिसा हातात आल्यावरच तिकीट काढा.

आता डॉलर. साठवू नका. शेवटच्या तीन महिन्यांत दोन-तीन टप्प्यांत फॉरेक्स कार्डावर (आधी डॉलर भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) घ्या, थोडे रोख. हॉटेलवाले चेक-इनला डिपॉझिट ब्लॉक करतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर फॉरेक्स कार्डावरचे तेवढे पैसे अडकून पडतात.