न्यू जर्सीच्या पब्लिक हायस्कूलमध्ये मुलगी नववीत जाणार आहे. तिला टेनिसच्या संघात यायचं असेल तर तयारी कधीपासून करावी?

जुलैपासूनच. तिथे मुलींचं टेनिस फॉल (शरद) हंगामात असतं (मुलांचं वसंतात), त्यामुळे निवडचाचण्या शाळा उघडण्याआधी, ऑगस्टमध्येच होतात. घोडं अडतं ते वैद्यकीय तपासणीपाशी: ती सरावाच्या पहिल्या दिवसाआधीच्या 365 दिवसांतली आणि ठरलेल्या फॉर्मवरच हवी, साध्या कागदावरचं प्रमाणपत्र चालत नाही. 90 दिवसांहून जुनी असेल तर पालकांच्या सहीचं आरोग्याचं ताजं माहितीपत्रकही लागतं. शाळेच्या डॉक्टरांची मंजुरी मिळायला वेळ जातो, तोवर कोर्टवर उतरू देत नाहीत.

नववीच्या पहिल्या सत्रात खेळायला क्रेडिटची (विषय पास झाल्यावर मिळणाऱ्या गुणांकांची) अट नाही; दहावीच्या सुरुवातीला मात्र आदल्या वर्षाचे 30 लागतात. सामन्यात तीन एकेरी, दोन दुहेरी, म्हणजे सातच मुली. नाव गळलं तर क्रॉस-कंट्री (मोकळ्या जागेतली लांब पल्ल्याची धाव) जरूर बघा, तिथे सहसा कुणाला वगळत नाहीत.