मावशी आल्या, तरी आई खोलीतच

‘ताई, माझा मुलगा ४ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. जेवण पोटातल्या नळीतून, दिवसातून पाच-सहा वेळा सक्शन, म्हणजे घशातला कफ मशीननं ओढून काढणं. ३ महिन्यांपासून नर्सिंग ब्यूरोच्या मावशी दिवसपाळीला येतात, पण मला खोलीतून हलवत नाही. सासूबाई म्हणतात, तूच बसायचं तर पैसे कशाला घालवतेस?’
– एक आई, नाशिक

अगं, सासूबाईंचा हिशेब चुकलेला नाही, अर्धवट आहे एवढंच.

तुला हलवत नाही कारण विश्वास बसलेला नाही. आणि तो का बसावा? मावशींना सक्शन येतं की नाही, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. अंघोळ-डायपर बघणारी आया आणि एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली सिस्टर, ब्यूरोकडून फोनवर दोघींनाही ‘आमची बाई’च म्हटलं जातं. आधी शिक्षण विचार. न शिकलेल्या बाईच्या हाती मशीन सोपवून बाहेर पडू नकोस. काही झालं तर बोल तिलाच लागेल, आणि तो अन्याय होईल.

पुढच्या तपासणीला मावशींनाही सोबत ने. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिथल्या सिस्टरकडून शिकवून घे. मग घरी आठवडाभर हात त्यांचे, डोळे तुझे. फीड देताना डोकं उंच, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, हे त्या न सांगता करायला लागल्या की तू अंघोळीला जा. दार लावून! (कान तिकडेच असणार, असू देत.) मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग दुसऱ्या खोलीत दोन तास झोप.

वीज गेली तर? बॅटरीवर चालणारं किंवा पायानं दाबायचं सक्शन यंत्र घरात हवंच. भिंतीवर डॉक्टरांचा नंबर आणि १०८, मोठ्या अक्षरांत.

पैशांचं म्हणशील तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी बसते. उपचार आणि थेरपीसाठी वर्षाला १ लाखापर्यंत विमा मिळतो. मावशींचा पगार मात्र त्यात धरू नकोस. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ते आधी काढ. नवरा जुन्या करप्रणालीत असेल तर करपात्र उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

आणि सासूबाईंनाही एक काम दे: तू झोपलेली असताना दाराशी बसायचं, आणि मावशींनी बोलावल्याशिवाय तुला कुणाला उठवू द्यायचं नाही. पैसे वसूल होतात की नाही, त्यांचं त्यांनाच कळेल.