'वू-वेइ'ला निष्क्रियता नको, वाफसा आठवा

प्रश्न असा आलाय की मोबाईलच्या अतिवापरावरचा, प्राचीन चिनी ताओ विचारावर बेतलेला एक लेख मराठीत आणायचाय, त्यातल्या 'वू-वेइ'ला, म्हणजे जोर न लावता करण्याला, 'निष्क्रियता' लिहिलं तर चालेल का. माझं मत, नका लिहू. वू म्हणजे नाही, वेइ म्हणजे करणं, शब्दाला शब्द लावला तर बरोबर दिसतं पण मराठीत निष्क्रियतेला आळसाचा वास येतो, वाचणाऱ्याला वाटणार फोन कपाटात टाकून गप्प बसा म्हणताय. 'ताओ ते चिंग' या ताओ विचाराच्या मूळ ग्रंथाच्या 37व्या प्रकरणात तर म्हटलंय की ताओ, म्हणजे सृष्टीची वाट, काही करत नाही आणि तरी काही करायचं राहत नाही. 'अकर्म' म्हणाल तर गीता येते आणि चर्चा तिकडंच जाते. 'आपसूक' बराच जवळ जातो, पण त्यात करणारा माणूसच दिसत नाही.

आमच्या सांगलीतल्या पलूसकडं याला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, वाफसा, म्हणजे पावसानंतर माती औत घालण्याजोगी होणं. पाऊस उघडला म्हणून काळ्या रानात कोणी लगेच औत घालत नाही. आमचे आण्णा मूठभर माती घ्यायचे, दाबून गोळा करायचे आणि खाली टाकायचे, फुटला तर वाफसा आला, बोटांना चिकटला तर "आज नाय, परवा बघू". ओल्यात औत घातलं की ढेकळं निघतात आणि मग ती फोडण्यातच जीव जातो. मेसेज वाजल्या वाजल्या रागानं उत्तर टाइप करणं मला तसलंच वाटतं.

आणि लेखात चुआंगत्स या ताओ विचारवंताच्या ग्रंथातली 12व्या प्रकरणातली गोष्ट असेल तर ती अजिबात गाळू नका. म्हातारा माळी विहिरीत उतरून भांड्यानं पाणी आणून वाफे भिजवतोय, कन्फ्यूशियसचा शिष्य त्याला सांगतो की एक लाकडी यंत्र आहे, मागं जड पुढं हलकं, त्यानं दिवसात 100 वाफे भिजतात. म्हातारा म्हणतो यंत्र आलं की यंत्राची कामं येतात आणि त्या कामांमागून यंत्राचं मन येतं. या मनाला तिथं शब्द आहे 'जी-शिन', आणि आजच्या चिनीत मोबाईलला म्हणतात 'शौ-जी', शौ म्हणजे हात आणि जी हे तेच यंत्रवालं! हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ हातातल्या फोनकडं बघत बसलो होतो. फक्त 'जी-शिन'चं 'यंत्रबुद्धी' करू नका, लोकांना एआय वाटेल, 'यंत्राचं मन' साधं आहे तेच ठेवा.

'वू-वेइ' पण तसाच राहू द्या, पहिल्यांदा येईल तिथं 'जोर न लावता करणं' एवढं द्या आणि पुढं वाफशाचं उदाहरण, शहरातल्या वाचकासाठी मातीच्या गोळ्याची एक ओळ जास्त लागली तरी लिहा.