काकुमाला शिकवायला येऊ पाहणाऱ्या संगमनेरच्या दांपत्यास

भाऊ, ख्रिस्तात सलाम.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) होऊन मंडळीत सहायक पाळक आहात, वहिनी डी.एड. असून खासगी शाळेत शिकवतात, मुलगी सहा वर्षांची आहे. दोन वर्षं केनियातल्या काकुमा छावणीत राहून निर्वासितांसाठी बायबल प्रशिक्षण केंद्र सुरू करावं असं तुमच्या मनात आहे. परवाना, भाषा, खर्च, मुलीची शाळा, सगळं खरं सांगा म्हणालात. मी नाशिकची. लग्न होऊन केनियात आले, आता किटाले इथे राहते आणि तिथून काकुमाला शिकवायला जाते. जे रोज दिसतं तेच लिहिते.

तुमच्या बेतातली एक गोष्ट आधी बदला: नवं केंद्र काढू नका. काकुमा १९९२ पासून आहे. सुदानच्या युद्धातून पळालेली मुलं आधी इथिओपियात गेली, १९९१ मध्ये तिथूनही हुसकली गेली आणि पायी चालत केनियात पोचली. त्यांच्यासाठी ही छावणी उभी राहिली. मंडळ्या त्यांच्याबरोबरच आल्या. आज काकुमा आणि शेजारची २०१६ मध्ये वसवलेली कालोबेयेई वसाहत मिळून सुमारे ३ लाख माणसं राहतात. दक्षिण सुदान, सोमालिया, काँगो, बुरुंडी, इथिओपिया अशा अनेक देशांची. डिंका लोकांची अँग्लिकन मंडळी, इथिओपियन ऑर्थोडॉक्स, काँगोच्या पेंटेकोस्टल मंडळ्या, कॅथलिक पॅरिश, सगळं तिथे आहे, आणि रविवारी गाणं इतकं मोठं असतं की बाहेरच्या उपदेशकाची वाट कोणी बघत नसतं. वीस-वीस वर्षं मंडळी सांभाळणारे पाळक आहेत. त्यांना वर्गात बसायला मात्र कधी मिळालं नाही. आपण जायचं ते त्यांच्या हाताखाली काम करायला आणि त्यांना हवं ते शिकवायला.

त्यांना काय हवं असतं हे मी विचारत आले आहे. पवित्र शास्त्र नीट वाचायची पद्धत, मंडळीचा हिशेब ठेवणं, शोकात बुडालेल्या घराशी कसं बोलावं, आणि ज्याला किंमत आहे असं प्रमाणपत्र. या शेवटच्या गोष्टीकडे आपण भारतातून बघताना दुर्लक्ष करतो. रवांडाने २०१८ मध्ये कायदा करून पाळकांना धर्मशास्त्राची पदवी सक्तीची केली आणि हजारो प्रार्थनास्थळं बंद केली. केनियात २०२३ मध्ये शाकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या नादी लागून उपाशी मेलेल्यांचे चारशेहून जास्त मृतदेह सापडले. तेव्हापासून इथलं सरकारही पाळकाचं शिक्षण विचारू लागलं आहे. उद्या मायदेशी परतायची वेळ आली तर बिनकागदाच्या पाळकाला मंडळी उघडता येणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणून ज्याचा अभ्यासक्रम एखाद्या मान्यताप्राप्त सेमिनरीशी (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाशी) जोडलेला आहे अशाच संस्थेबरोबर या. स्वतः छापलेलं रंगीत सर्टिफिकेट वाटून जाणारे पाहुणे तिथे पुष्कळ येऊन गेले आहेत.

निर्वासिताला पासाशिवाय छावणीबाहेर पडता येत नाही, त्यामुळे नैरोबीच्या सेमिनरीत जाणं फार थोड्यांना जमतं. शिक्षण त्यांच्यापर्यंत न्यावं लागतं. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेसबिटेरियन सेमिनरीने गावोगावच्या पाळकांसाठी अशी पद्धत सुरू केली: घरी पुस्तकावर अभ्यास, आठवड्याला एक गटबैठक, आपलं काम सोडायचं नाही. बंगळुरूची ‘टॅफ्टी’ ही संस्था १९७१ पासून भारतात हेच करते. तुमच्या मंडळीत कोणी तो कोर्स केला असेल तर येण्याआधी त्यांच्या गटात बसा. काकुमात ही पद्धत सेमिनरीतल्या व्याख्यानांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते.

आता एक जुनी हकिकत सांगते, कारण आपल्या नाशिकचा या कामाशी जुना संबंध आहे. शरणपूर रोडवरून तुम्ही गेला असाल. ते शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरत आणि त्यांतली काही तिथे वाचन, शास्त्र, सुतारकाम, लोहारकाम शिकत. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी-शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाला हजरही होता. पुढे प्राइस यांनीच मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी केली. तिला नाव दिलं मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, आणि तिथले सुरुवातीचे शिक्षक, दुभाषे, उपदेशक होते नाशिकला शिकून परतलेले हेच आफ्रिकी. त्यांतल्या विल्यम जोन्स यांना तर पुढे पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण गोरे मिशनरी आपल्याला बरोबरीने वागवत नाहीत, ही या माणसांची तक्रार शेवटपर्यंत राहिली. आज काकुमातला निर्वासित शिक्षक तेच काम करून केनियन सहकाऱ्याच्या तुलनेत अगदी थोडा ‘इन्सेंटिव्ह’ (पगाराऐवजी मिळणारा भत्ता) घेतो तेव्हा मला ती तक्रार आठवते. तुम्ही याल तेव्हा तुमच्या दुभाष्याला, तुमच्या सहशिक्षकाला काय मिळतं हे पहिल्याच दिवशी विचारा आणि त्याचं नाव अभ्यासक्रमावर तुमच्या नावाशेजारी छापा.

आणि आता स्पष्टच लिहिते: तुमच्यापेक्षा वहिनींची तिथे जास्त गरज आहे. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच ओळ आहे, ‘तीही काहीतरी मदत करील.’ प्राथमिक वर्गात शंभराच्या वर मुलं असतात. बरेचसे शिक्षक स्वतः निर्वासित. बारावीपर्यंत शिकलेले, पण शिकवण्याचं प्रशिक्षण जेमतेम मिळालेले. पहिलीच्या मुलाला अक्षरओळख कशी द्यायची, शंभर जणांत गट कसे पाडायचे, फळा कसा वापरायचा हे डी.एड. झालेल्या आणि वर्गात उभं राहिलेल्या बाईला जेवढं कळतं तेवढं आपल्यासारख्या धर्मज्ञान शिकलेल्यांना कळत नाही. मंडळीतसुद्धा तेच. गायनवृंद चालवणाऱ्या, आजाऱ्यांना भेटणाऱ्या, अनाथ पोरं पोसणाऱ्या बाया वचन पाठ म्हणतात, पण त्यांतल्या कितीतरींना वाचता येत नाही. पाळकाला प्रशिक्षण आणि त्याच्या बायकोला फक्त चहा करायचं काम, असा वर्ग मी पाहिला आहे आणि तो मला पटत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून केडगावला आणलेल्या मुलींना शास्त्राबरोबर वाचन आणि हातचा धंदा दिला. आपल्या लोकांना हे नव्याने शिकायला नको.

एक लक्षात ठेवा, वहिनींना केनियाच्या शाळेत नोकरी करायची तर टीचर्स सर्व्हिस कमिशनची नोंदणी लागेल. शिक्षकांना शिकवायचं काम यजमान संस्थेमार्फत करता येतं, पण ते कागदावर आधीच स्पष्ट करून घ्या. काकुमात कामं वाटून दिलेली आहेत: प्राथमिक शाळा लूथरन वर्ल्ड फेडरेशनकडे, धंदेशिक्षण बऱ्याच अंशी डॉन बॉस्कोच्या सेलेशियन फादरांकडे, आणि जेझुइटांनी २०१० पासून ऑनलाइन उच्च शिक्षण चालवलं आहे. जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत दहा टक्केही पोचत नाहीत, म्हणून त्या वर्गांसाठी केवढी झुंबड असते याची कल्पना करा. या शाळांमध्ये धर्मप्रचार चालत नाही, आणि चालू नये. मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत मदत कुठल्याही धार्मिक भूमिकेसाठी वापरायची नाही असं लिहिलेलं आहे. सोमाली मुसलमान मूल तुमच्या वर्गात बसेल तेव्हा त्याच्या आईला तुमच्याबद्दल जराही धास्ती वाटता कामा नये.

हे आता जास्तच जपायला हवं, कारण भूक वाढली आहे. २०२५ मध्ये अमेरिकेची मदत आटल्यावर जागतिक अन्न कार्यक्रमाचा शिधा किमान गरजेच्या तिसऱ्या हिश्शाखाली आला, छावणीत निदर्शनं झाली. माणसं उपाशी पोटी वर्गाला येतात. मी वर्गातल्या प्रत्येकाला दुपारचं जेवण द्यावं या मताची आहे, पण मंडळीचा सभासद म्हणून कुणाला पीठ देऊ नये. एकदा ते सुरू झालं की कोण कशासाठी आलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. (शिध्यात ज्वारी येते. वहिनींना भाकरी थापता येत असेल तर सुदानी बाया त्यांना घरात घेतील, हे नक्की.)

तुमच्या अभ्यासक्रमाचा मसुदा मी वाचला. बायबलातल्या प्रकाशितवाक्यावर बारा पाठ आणि विलापगीतावर एकही नाही. उलटं करा. वर्गात दक्षिण सुदानच्या डिंका आणि नुएर जमातींची माणसं शेजारी बसतात, ज्यांच्या लोकांनी डिसेंबर २०१३ नंतर एकमेकांना मारलं. पूर्व काँगोतल्या एकमेकांना भ्यालेल्या जमातीही असतात. यिर्मया २९ मधलं बंदिवानांना लिहिलेलं पत्र त्यांच्यासमोर वाचा: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. इथे तीस वर्षं काढलेला माणूस विचारतो, घर बांधायला जमीन कुणाची? इथल्या मूळच्या तुर्काना लोकांची, तेही गरीब, तेही दुष्काळात होरपळलेले, आणि त्यांच्या चराईवर ही छावणी वसली आहे. ‘नगराची शांती’ म्हणजे त्या तुर्काना बाईशी सरपणाचा भाव घासाघीस न करता ठरवणं, इथपर्यंत चर्चा गेली तर तुमचा पाठ झाला. स्तोत्र १३७ शिकवाल तेव्हा बाबेलच्या नद्यांपाशी थांबून शेवटचं वचन गाळू नका. शत्रूच्या तान्ह्यांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारं ते वचन या वर्गाला आपल्यापेक्षा जास्त समजतं. त्यावर बोलायला त्यांना जागा मिळाली पाहिजे, आणि तुम्ही उत्तर घाईने देऊ नका.

भाषा स्वाहिली शिका. सहा महिने मन लावून केलीत तर काम चालेल. दक्षिण सुदानी वर्ग इंग्रजी आणि जुबाच्या अरबीत चालतो, काँगो-बुरुंडीचा स्वाहिली-फ्रेंचमध्ये. दुभाष्याबरोबर शिकवताना पाठ निम्मा होतो, तसा आराखडा करा.

कागदांचं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए हे ऑनलाइन प्रवास-परवानापत्र लागतं, पण त्यावर काम करता येत नाही, ‘सेवा’ म्हटलं तरी नाही. मिशन आणि धर्मादाय कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना असतो आणि त्यासाठी केनियात नोंदणीकृत संस्थेलाच अर्ज करावा लागतो. म्हणून आधी यजमान संस्था, मग तिकीट. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढून ठेवा. छावणीत शिरायला निर्वासित सेवा विभागाची परवानगी वेगळी. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. तो पिवळा दाखला नसेल तर भारतात परत येताना विमानतळावर अडवून वेगळं ठेवतात. पावसानंतर मलेरिया असतोच.

पैशाचं: तुमची मंडळी विश्वस्त संस्था असेल तर तिला करसवलत टिकवून आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायला प्राप्तिकर खात्याची मंजुरी लागते. मंडळीच्या सीएशी आत्ताच बोला, नंतर विश्वस्तांवर बालंट यायला नको.

मुलीला घेऊन काकुमात राहू नका. ऊन, धूळ, वेडी बाभूळ आणि पाण्याची चणचण हे मोठ्या माणसाला सोसतं. किटाले उंचावर आहे, हवा थंड, शाळा चांगल्या. कुटुंब इथे ठेवून काकुमाला आळीपाळीने जाता येतं. मधल्या रस्त्याच्या एका टप्प्यात गुरांच्या चोऱ्या आणि गोळीबार होतात, तिथून स्थानिक लोक सांगतील त्याच वेळी निघायचं.

आणि कॅनडा. तुम्ही परदेशी दिसलात की पुष्कळ जण मनात धरतील की हा आपल्याला तिकडे पाठवील. कुणालाही, सहानुभूतीपोटीसुद्धा, तसं आश्वासन देऊ नका. पुनर्वसन, म्हणजे निर्वासिताला दुसऱ्या देशात कायमचं वसवणं, फुकट असतं आणि ते विकणारे दलाल छावणीत आहेत, एवढंच प्रत्येकाला सांगा. मुलांचे फोटो काढून देणगीदारांना पाठवू नका.

दोन वर्षांचा निर्णय करण्याआधी सुट्टीत महिनाभर दोघंही या. परवानगीचं मी यजमान संस्थेशी बोलेन. आणि पुढचं पत्र वहिनींनी लिहावं. त्यांचे प्रश्न मला त्यांच्याकडूनच हवे आहेत.