अ‍ॅक्सियल स्केलेटनची (डोकं, कणा, छाती असा शरीराचा मधला सांगाडा) 80 हाडं लक्षात कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला आहात, एका पुस्तकात कवटीची हाडं 22 दिलीत तर दुसऱ्यात 29, मणके कुठे 33 कुठे 26, आणि काही केल्या बेरीज 80 येत नाही. मी नर्सिंगच्या मुलामुलींना अ‍ॅनाटॉमी शिकवते, दरवर्षी हाच गोंधळ होतो आणि तो पुस्तकांमुळेच होतो.

आधी हिशोब उरकून टाकू. कवटी 22 (मेंदूभोवती 8, चेहऱ्याची 14), दोन्ही कानांतली मिळून 6, गळ्यातलं हायॉइड 1, पाठीचा कणा 26, बरगड्या 24, स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड 1. झाली 80. ज्यांनी 29 लिहिलंय त्यांनी कानातली 6 आणि हायॉइड कवटीतच धरलंय. मणके लहानपणी 33 च असतात, मग सेक्रमचे (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे) पाच जुळून एक होतं आणि साधारण चार जुळून माकडहाड, म्हणून मोठ्या माणसात 24 अधिक 2.

पण नुसतं घोकून वॉर्डात काही हाती लागत नाही हो, हाडं बोटाने शोधायला शिका, स्वतःच्याच अंगावर. गळ्याच्या खाली मधोमध खळगा आहे ना तिथून बोट सरळ स्टर्नमवरून खाली आणा, साधारण पाच सेंटीमीटर खाली आलं की एक आडवा उंचवटा लागतो, तो सापडेपर्यंत सोडू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी जोडलीये ती दुसरी. पहिली कॉलरबोनखाली दडलेली असते, ती चाचपून मोजायला गेलात तर हमखास चुकाल, म्हणून मोजणी कायम दुसरीपासून. तिच्या खालची फट ती दुसरी फट, तिथून चौथ्या फटीपर्यंत उतरलं की स्टर्नमच्या उजव्या कडेला ईसीजीचं व्ही-1 आणि डाव्या कडेला व्ही-2, म्हणजे ईसीजी काढताना छातीवर इलेक्ट्रोड लावायच्या पहिल्या दोन जागा. हे हाताला एकदा बसलं की बसलं.

तसंच कमरेवर. दोन्ही हात कमरेवर ठेवा, कमरेच्या हाडाची वरची कड हाताला लागते. दोन्हीकडच्या कडा जोडणारी रेघ मनात ओढली की ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. सिझरच्या पेशंटला पाठीतून भूल देताना डॉक्टर हीच जागा चाचपतात, कारण मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो आणि त्याच्या बऱ्याच खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या फटीत सुई घातली की रज्जूला धक्का लागायची भीती राहत नाही. पेशंटला पाठ वाकवून धरायला तुम्हालाच उभं करतील, कारण पाठ वाकली की मणक्यांमधली फट उघडते. का धरतोय हे माहीत असलेली नर्स नीट धरते, हे मी पाहिलंय.

मानेचे सात मणके, त्यातले पहिले दोन मात्र वेगळे करून वाचा. पहिल्याला मधला ठोकळाच नाही, नुसती कडी आहे, आणि दुसऱ्याची दातासारखी खुंटी त्या कडीत वर घुसते. होकारार्थी मान हलते ती कवटी आणि पहिल्या मणक्यात, नकारार्थी हलते ती जास्त करून पहिल्या-दुसऱ्यात. या दोघांच्या मध्ये चकती नसते, कवटी आणि पहिल्याच्या मध्येही नसते. तोंडी परीक्षेत हे विचारतातच, आणि दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं हाड कोणतं हेही, तेव्हा हायॉइड म्हणून मोकळं व्हायचं.