दारातली तगर आणि पुडीतली तगर

प्रश्न : दिवाळीत फटाके सुरू झाले की आमचा कुत्रा पलंगाखालून बाहेर येत नाही. आठवडी बाजारात एकाने ‘अस्सल झाडपाल्याची’ म्हणून एक पूड दिली. पुडीवर ‘तगर’ एवढेच लिहिले आहे. तगर तर आमच्या अंगणातच आहे. तिचीच मुळी उगाळून दिली तर चालेल का? की आधी पूड प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी? ता. क. पुडी उघडल्यापासून आमची मांजर तिच्यावर लोळते आहे.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : अंगणातली मुळी कृपा करून देऊ नका. आपल्या दारात जी पांढऱ्या फुलांची तगर असते, जिचे पान खुडले की दुधासारखा चीक येतो आणि जिला आपले कन्नड शेजारी नंदीबट्टलु म्हणतात, ती कण्हेरीच्या कुळातली असून तिच्यात कॉरोनॅरिडीनसारखी, मज्जासंस्थेवर परिणाम करणारी अल्कलॉइडे असतात. आयुर्वेदातली तगर म्हणजे हिमालयात उगवणारी व्हॅलेरियाना जटामांसी. (बाजारात जटामांसी म्हणून मिळते ती आणखी तिसरीच वनस्पती.)

पुडीविषयीचा पहिला पुरावा तुमच्या मांजरीने दिलाच आहे. व्हॅलेरियनच्या (आयुर्वेदातली तगर याच गटातली) मुळाची मांजरांना भुरळ पडते. मात्र आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या खोकलीच्या मुळावरही त्या तशाच लोळतात, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. पूड हुंगून पाहा. घामेजलेल्या मोज्यांसारखा आंबूस वास आला, तर तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा असू शकतो. मुळातले व्हॅलेपोट्रिएट हे नाजूक घटक उष्णतेने व ओलीने मोडले की हे आम्ल सुटते, त्यामुळे वास जितका उग्र तितकी पूड गुणकारी, ही समजूत काही खरी नव्हे.

प्रयोगशाळेत सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर पुडीच्या अर्काचा ठिपका आणि शेजारी खात्रीच्या मुळाच्या अर्काचा ठिपका देतात, पट्टीचे टोक द्रावकात बुडवतात, द्रावक वर चढला की पट्टी वाळवून तिच्यावर ॲनिसाल्डिहाइडचा फवारा मारून ती तापवतात, आणि उमटलेले रंगीत पट्टे एकमेकांशी जुळतात का ते पाहतात. त्यावरून ओळख पटते. प्रमाण मोजायला एचपीएलसी, म्हणजे अर्कातले घटक यंत्राने वेगळे करून मोजण्याची पद्धत, लागते. ‘पूड तपासा’ असे मोघम सांगून मात्र भागत नाही. त्यात डायझेपामसारखे झोपेचे औषध मिसळले असेल, तर ते शोधा असे लेखी मागितल्याशिवाय अहवालात ते येईलच असे नाही. सर्पगंधा मिसळली असल्यास तीही वेगळी शोधावी लागते. ती झाडपालाच, पण 1952 मध्ये तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन रक्तदाब उतरवते.

माझे मत विचाराल, तर या पुडीवर तपासणीचा खर्च करू नका. अहवाल हातातल्या पुडीचा येईल. विक्रेता पुढच्या बाजारी जी देईल तिचा नव्हे. शिवाय कुत्र्याला किती द्यावी हे पट्टीवरचे रंग सांगत नाहीत. फटाक्यांच्या भीतीवर कुत्र्यांसाठी तपासलेली औषधे आहेत. जनावरांच्या डॉक्टरांकडे दिवाळीच्या आधी पुरेसे दिवस राखून जा, कुत्र्याचे वजन आणि चालू औषधे सांगा, पुडीही सोबत न्या. तोवर ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण कित्येक वनस्पतिजन्य फिनॉल कुत्र्याचे यकृत निस्तरते, पण मांजरीच्या यकृताला ते जमत नाही.